आईवडील नागरिक नसताना जन्मलेलं मूल अमेरिकेचं राष्ट्राध्यक्ष होऊ शकतं का?

तुमच्या घरातल्या तीन मुलांपैकी कोण पुढे राष्ट्राध्यक्ष होऊ शकतं, असं तुम्ही पत्रात विचारलंत आणि दिरांचं म्हणणंही कळवलंत. आधी तिन्ही मुलांचं उत्तर देते, कारणं मागाहून.

तुमची मुलगी न्यू जर्सीत जन्मली तेव्हा तुम्ही दोघं एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतात. वयाची पस्तिशी गाठल्यावर ती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक खुशाल लढवू शकते. तुमच्या नणंदेचा मुलगा भारतात जन्मला, पण त्याचे वडील त्याआधीच अमेरिकन नागरिक झाले होते आणि जन्मानंतर अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये त्याची रीतसर नोंद झाली. माझ्या मते तोही लढवू शकतो, फक्त त्याच्या वाट्याला दोनचार खटले येतील. तुमचा थोरला भारतात जन्मला, दोन वर्षांचा असताना इथे आला आणि तुमचा नागरिकत्वाचा शपथविधी झाला त्या दिवशी आपोआप नागरिक झाला. त्याला हा रस्ता बंद आहे.

राहिले तुमचे दीर. मूल अमेरिकेत जन्मलं तरी त्या वेळी आईवडील दोघंही नागरिक असावे लागतात, त्यामुळे कमला हॅरिस मुळातच अपात्र होत्या, असं ते म्हणतात. हे चूक आहे. पण दिरांनी ते मनाने रचलेलं नाही. बराक ओबामा, बॉबी जिंदाल, कमला हॅरिस, निकी हेली, विवेक रामस्वामी या सगळ्या नेत्यांच्या बाबतीत ते कुणी ना कुणी बोलून दाखवलं आहे, बोलणाऱ्यांत वकीलही होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इथे इमिग्रेशनची वकिली करते आणि फॉर्मवर सह्या झाल्या की खुर्चीतून उठता उठता हा प्रश्न हमखास येतो, अर्धा गमतीत, अर्धा खरा.

मूळ मजकूर अगदी त्रोटक आहे. अमेरिकेच्या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षासाठी तीन अटी आहेत: तो ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ म्हणजे जन्मजात नागरिक हवा, वय किमान ३५ हवं, आणि देशात १४ वर्षं वास्तव्य हवं. वयाबद्दल वाद होण्यासारखं काही नाही. वास्तव्याबद्दल एकदा थोडी कुजबुज झाली होती. हर्बर्ट हूवर खाण अभियंता म्हणून वर्षानुवर्षं परदेशात राहिले होते, त्यामुळे १९२८ च्या निवडणुकीत ही १४ वर्षं सलग हवीत का, असं विचारलं गेलं. हूवर निवडून आले आणि विषय संपला. पहिली अट मात्र आजवर कुणाला पूर्ण उलगडता आलेली नाही, कारण घटनेत तिची व्याख्याच नाही.

ती अट तिथे आली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड घटना लिहिली जात होती आणि बाहेर अफवांना ऊत आला होता. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या एका मुलाला बोलावून इथे गादीवर बसवणार, ही त्यातली एक. युरोपातल्या सत्तांनी पोलंडमध्ये आपल्या सोयीचा राजा कसा बसवला आणि मग तो देश कसा वाटून घ्यायला सुरुवात केली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशात २५ जुलै १७८७ ला मुत्सद्दी जॉन जे यांनी घटनासभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं: परकीयांना राज्यकारभारात शिरायला आळा घालावा, आणि सैन्याचं सरसेनापतीपद जन्मजात नागरिकाखेरीज कुणाकडे जाऊ नये. २ सप्टेंबरला वॉशिंग्टन यांनी सूचनेबद्दल आभार मानले आणि ४ सप्टेंबरला समितीच्या मसुद्यात हे शब्द आले. त्यावर सभागृहात चर्चा झाल्याची नोंद नाही. ज्या शब्दांवर आज टीव्हीवर तासन् तास भांडणं होतात, ते लिहिणाऱ्यांनी त्यांचा अर्थ सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

(घटना लिहिणाऱ्यांपैकीच एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनला अडवण्यासाठी ही अट घातली, असं ऐकलं असेल तर विसरून जा. हॅमिल्टन कॅरिबियन बेटावर जन्मले होते हे खरं, पण घटना स्वीकारली गेली त्या वेळी जे नागरिक होते त्यांना त्याच वाक्यात सूट होती. त्या सवलतीत तेही बसत होते.)

आता तुमची मुलगी. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती सांगते की अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल पुसण्यासाठी ती आली. स्थलांतरितांच्या मुलांना ती लागू होते का, याची कसोटी वाँग किम आर्क या तरुणाच्या खटल्यात लागली. हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईवडील चिनी. त्या काळच्या कायद्याने चिनी माणसाला अमेरिकन नागरिक होणंच अशक्य होतं. १८९५ मध्ये तो चीनला जाऊन परत आला तर बंदरावरच अडवला, ‘तू नागरिक नाहीस’ म्हणून. २८ मार्च १८९८ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की तो जन्मानेच नागरिक आहे.

दीर म्हणतील, हा खटला नागरिकत्वाचा होता, राष्ट्राध्यक्षपदाचा नाही. बरोबर आहे. मग त्यांना त्याच खटल्यातलं सरन्यायाधीश फुलर यांचं विरोधी मत वाचायला द्या. बहुमताचा निकाल मान्य केला तर देशातून जाता जाता परक्यांना इथे झालेलं मूल, मग ते मंगोल वंशाचं असो की मलय, राष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरेल आणि आमच्या नागरिकांची परदेशात झालेली मुलं मात्र अपात्र ठरतील, हे आपल्याला पटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वंशाबद्दलचा तो सूर आज टोचतो, पण वकिलाच्या नजरेने पाहिलं तर ही साक्ष मोलाची आहे. निकालाला विरोध करणाऱ्यालाच कळलं होतं की याचा अर्थ व्हाइट हाउसपर्यंत पोचतो.

‘दोन्ही पालक नागरिक हवेत’ या सिद्धान्ताला आधार दोनच. एक म्हणजे अठराव्या शतकातले स्विस विधिज्ञ वॅटेल, ज्यांच्या लिखाणात नागरिक आईबापांना देशात झालेलं मूल म्हणजे खरा भूमिपुत्र अशी मांडणी आहे. घटना लिहिणाऱ्यांना वॅटेल माहीत होते, पण नागरिकत्वाच्या बाबतीत त्यांच्या हाताशी जो कायदा होता तो इंग्लंडचा होता आणि त्यात जन्मभूमी महत्त्वाची, बापाची प्रजा-निष्ठा नव्हे. दुसरा आधार १८७५ चा मायनर विरुद्ध हॅपरसेट. खटला मिसूरीतल्या एका स्त्रीच्या मताधिकाराचा. त्यात ओघात म्हटलं होतं की नागरिक पालकांना इथे झालेल्या मुलांबद्दल शंकाच नाही, इतरांबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत, पण त्या सोडवायची इथे गरज नाही. दिरांसारखे लोक यातला पहिला अर्धा भाग उचलतात आणि ‘गरज नाही’ तेवढं गाळतात. त्या शंका तेवीस वर्षांनी वाँग किम आर्क खटल्यात सोडवल्या गेल्या. पुढे २००९ मध्ये इंडियाना राज्याच्या अपील न्यायालयाने ओबामांबद्दलच्या एका दाव्यात सरळ लिहिलं की अमेरिकेच्या हद्दीत जन्मलेली व्यक्ती जन्मजात नागरिक असते, पालकांचं नागरिकत्व काहीही असो.

आणि प्रत्यक्षात काय घडलं? चेस्टर आर्थर १८२९ मध्ये व्हरमाँटमध्ये जन्मले, त्यांचे आयरिश वडील १८४३ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. म्हणजे मुलाच्या जन्माच्या वेळी बाप ब्रिटिश प्रजाजन. आर्थर १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. गंमत अशी की हिनमन नावाचा एक वकील त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता, पण आर्थर कॅनडात जन्मले हे सिद्ध करायच्या खटपटीत. वडिलांच्या कागदपत्रांकडे त्याचं लक्षच गेलं नाही. १९१६ मध्ये चार्ल्स इव्हान्स ह्यूज रिपब्लिकन उमेदवार होते. त्यांच्याही वडिलांच्या ब्रिटिश असण्यावर लेख लिहिला गेला, आणि निवडणूक त्या मुद्द्यावर फिरकलीही नाही.

कमला हॅरिस १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये जन्मल्या, आई भारतातली, वडील जमैकाचे. ऑगस्ट २०२० मध्ये जॉन ईस्टमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी ‘न्यूजवीक’मध्ये त्यांच्या पात्रतेवर प्रश्न उभा केला. टीका इतकी झाली की संपादकांना लेखाला माफीची टीप जोडावी लागली. बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जो राष्ट्राध्यक्षपदाला अपात्र तो उपराष्ट्राध्यक्षपदालाही अपात्र. हॅरिस चार वर्षं उपराष्ट्राध्यक्ष होत्या. दिरांना एवढं पुरावं.

तुमच्या काळजीचं खरं कारण मला कळतं. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात नेमका तुमच्यासारख्यांचा उल्लेख आहे: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिकही नाहीत, ग्रीन कार्डधारकही नाहीत, तर मुलाला जन्माने नागरिकत्व नाही. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की वाँगचे आईवडील इथे कायमचे स्थायिक होते, व्हिसावरचे लोक तसे नसतात. मला तो युक्तिवाद लंगडा वाटतो, कारण घटनादुरुस्तीत पालकांच्या मुक्कामाविषयी चकार शब्द नाही. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखून धरला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण तुम्ही झोप उडवून घेऊ नका. आदेशाच्या स्वतःच्याच शब्दांत तो निघाल्यापासून ३० दिवसांनंतर जन्मलेल्या मुलांपुरता आहे, आणि तुमची मुलगी आज शाळेत जाते आहे.

जमिनीवर जन्म होऊनही नागरिकत्व न मिळण्याचा जुना, निर्विवाद अपवाद म्हणजे परदेशी राजदूत-अधिकाऱ्यांची मुलं. ते इथल्या कायद्याच्या अधिकाराखाली येत नाहीत. अमेरिकन समोआ हा आणखी एक विचित्र प्रकार. तिथे जन्मलेले लोक अमेरिकेचे ‘नॅशनल’, पण नागरिक नाहीत. सैन्यात जातात, पासपोर्टही अमेरिकेचा असतो, पण राष्ट्राध्यक्ष होणं सोडा, साधं नागरिक व्हायलाही रीतसर अर्ज करावा लागतो.

आता भाचा, म्हणजे खरा गुंता.

त्याच्या बाबतीत जन्मभूमी उपयोगाची नाही. त्याचं नागरिकत्व वडिलांकडून आलं, संसदेच्या कायद्याने, पण जन्माच्या क्षणी. असा माणूस ‘जन्मजात’ धरायचा का? धरायचा म्हणणाऱ्यांचा मोठा आधार १७९० चा पहिला नागरिकत्व कायदा. नागरिकांची समुद्रापार जन्मलेली मुलं जन्मजात नागरिक मानावीत असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि त्या काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, घटना लिहिणारे बरेच जण बसले होते. विरोधक म्हणतात, मग १७९५ च्या सुधारित कायद्यात तो शब्द काढून नुसतं ‘नागरिक’ का ठेवलं? आणि ज्याला नागरिक व्हायला संसदेचा कायदा लागतो तो जन्मजात कसला? प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आक्षेप अगदीच फुसका नाही. सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर कधीही निकाल दिलेला नाही. तरीही माझं मत पात्रतेच्या बाजूने आहे. संसदेच्या संशोधन विभागाने २०११ मध्ये हाच निष्कर्ष काढला, आणि २०१५ मध्ये नील कट्याल व पॉल क्लेमेंट या दोन माजी सॉलिसिटर जनरलांनी एकत्र लेख लिहून तेच सांगितलं. एक ओबामांच्या कारकिर्दीतले, दुसरे धाकट्या बुश यांच्या. एरवी कोर्टात हे एकमेकांसमोर उभे राहतात.

रिपब्लिकन नेते टेड क्रूझ यांची गोष्ट भाच्याला सर्वांत जवळची. जन्म १९७०, कॅनडातलं कॅलगरी, आई अमेरिकन, वडील क्यूबाचे. त्यांच्याकडे कॅनडाचंही नागरिकत्व होतं, ते त्यांनी २०१४ मध्ये सोडलं. २०१६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ट्रम्प यांनी हा विषय लावून धरला. बऱ्याच राज्यांत तक्रारी झाल्या. बहुतेक प्रक्रियेच्या कारणांवरून निकाली निघाल्या, पण पेनसिल्व्हेनियाच्या कॉमनवेल्थ कोर्टाने मार्च २०१६ मध्ये मूळ प्रश्नाला हात घातला आणि क्रूझ पात्र आहेत असं ठरवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. न्यू जर्सीतही तसंच ठरलं. याआधी मेक्सिकोत जन्मलेले रिपब्लिकन नेते जॉर्ज रॉमनी १९६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले होते, पण निकाल लागायच्या आतच शर्यतीतून बाहेर पडले.

२००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचं प्रकरण तर वकिलांसाठी मेजवानीच. जन्म २९ ऑगस्ट १९३६, पनामा कालव्याच्या पट्ट्यातला नौदलाचा तळ, आईवडील दोघंही अमेरिकन, वडील नौदलात. यात कुणाला काय शंका असणार? पण गॅब्रिएल चिन या प्राध्यापकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की त्या वेळचा कायदा अमेरिकेच्या ‘हद्दीबाहेर आणि अधिकारक्षेत्राबाहेर’ जन्मलेल्या मुलांना लागू होता, आणि कालव्याचा पट्टा हद्दीबाहेर असला तरी अधिकारक्षेत्रात होता. म्हणजे मूल दोन्हींच्या मधल्या फटीत पडलं. ही फट बुजवणारा कायदा ऑगस्ट १९३७ चा, तेव्हा मॅकेन अकरा महिन्यांचे. चिन यांचं म्हणणं तर्काने बिनतोड आहे आणि मला ते तरीही स्वीकारावंसं वाटत नाही. कायदेमंडळाच्या शब्दांच्या ढिलाईमुळे अधिकाऱ्याचं मूल परकं ठरावं, हा अर्थ कुठलंही शहाणं न्यायालय काढणार नाही. सिनेटने एप्रिल २००८ मध्ये एकमताने ठराव करून मॅकेन जन्मजात नागरिक असल्याचं जाहीर केलं. ठरावाच्या सहप्रस्तावकांत त्यांचे त्या वेळचे प्रतिस्पर्धी ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. अशा ठरावाला कायद्याचं बळ नसतं, पण राजकीय तोंडं त्याने बंद झाली.

भाच्यासाठी व्यवहाराची गोष्ट: त्याची आई नागरिक नव्हती, त्यामुळे वडिलांनी त्याच्या जन्माआधी किमान पाच वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं असणं आवश्यक होतं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. ही वर्षं नागरिक होण्याआधीची, विद्यार्थी व्हिसावरची, ग्रीन कार्डवरचीही चालतात. कॉन्सुलेटने नोंद केली म्हणजे हा पुरावा तेव्हा पाहिला गेला, पण त्या नोंदीची मूळ प्रत आणि वडिलांचे तेव्हाचे कागद (कॉलेजची मार्कशीट, टॅक्सचे फॉर्म, जुने पासपोर्ट) फेकू नका.

ओबामा हवाईत नव्हे, केनियात जन्मले असा आरोप झाला होता. हाच नियम आठवला की त्या वादातली एक गोष्ट उलगडते. पुष्कळांना वाटे, ते केनियात जन्मले असते तरी आई अमेरिकन होती ना, मग एवढा गदारोळ कशाला? कारण १९६१ मध्ये नियम कडक होता: नागरिक पालकाचं अमेरिकेत दहा वर्षं वास्तव्य, त्यातली पाच चौदाव्या वर्षानंतरची. ओबामांच्या आईचं वय तेव्हा १८. चौदानंतर पाच वर्षं होण्यासाठी ती किमान १९ वर्षांची असावी लागली असती. म्हणजे मूल परदेशात झालं असतं तर तिला आपलं नागरिकत्व देताच आलं नसतं. आरोप करणाऱ्यांनी हे हेरलं होतं, म्हणून जन्मस्थळावर सगळा जोर. वस्तुस्थिती अशी की ४ ऑगस्ट १९६१ ला ते होनोलुलूत जन्मले, हवाई तेव्हा राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्याच महिन्यात तिथल्या दोन वर्तमानपत्रांत जन्माची नोंद छापून आली होती.

मग इतकं उघड असताना वाद वर्षानुवर्षं चालला कसा? मला या सगळ्या विषयात हाच भाग महत्त्वाचा वाटतो. घटनेत अट आहे, पण ती तपासून ‘पात्र’ असा शिक्का मारणारं कार्यालयच नाही. केंद्रीय निवडणूक आयोग इथे मुख्यतः प्रचाराच्या पैशांचा हिशेब पाहतो. मतपत्रिका प्रत्येक राज्य स्वतः छापतं आणि बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्या वा पक्षाच्या सहीवर भागतं. सामान्य मतदार कोर्टात गेला की पहिला प्रश्न येतो, यात तुझं वैयक्तिक नुकसान काय? सगळ्या जनतेचं होतं तेच माझं, या उत्तरावर दावा फेटाळला जातो. २००८ मध्ये ओबामांविरुद्ध गेलेले फिलिप बर्ग (हे डेमोक्रॅटच होते) असेच बाहेर पडले आणि त्याच वर्षी मॅकेन यांच्या विरोधातले दावेही. कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी मॅकेन बहुधा जन्मजात नागरिकच आहेत असं नमूद करून वर सांगितलं की हे पाहण्याची पहिली जागा मतमोजणीच्या वेळची काँग्रेस आहे. जानेवारी २००९ मध्ये काँग्रेसमध्ये मतमोजणी झाली तेव्हा ओबामांच्या मतांवर एकाही सदस्याने हरकत घेतली नाही. २०२२ च्या सुधारित कायद्याने तर हरकत विचारात घ्यायलाच दोन्ही सभागृहांतल्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात.

राज्यांना काहीच अधिकार नाही असं मात्र नाही. गयानात जन्मून नंतर नागरिक झालेल्या एका वकिलाने मतपत्रिकेवर नाव द्या म्हणून कोलोरॅडोविरुद्ध दावा केला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने, आज सर्वोच्च न्यायालयात असलेल्या नील गॉर्सच यांच्या लेखणीतून, सांगितलं की घटनेनेच ज्याला मज्जाव केला आहे त्याचं नाव छापायला राज्य बांधील नाही. तिथे कबुलीच होती, म्हणून सोपं गेलं. वादग्रस्त प्रकरणात निर्णय द्यायला कुणीच पुढे येत नाही, आणि निर्णय होत नाही तोवर शंका विकता येते.

ॲरिझोनाने २०११ मध्ये उपाय काढून पाहिला: उमेदवाराने जन्मदाखला जोडावा, तो नसेल तर पर्याय म्हणून बाप्तिस्म्याचा किंवा सुंता केल्याचाही दाखला चालेल. विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. रिपब्लिकन गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनीच ते १८ एप्रिलला नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्यानंतर नवव्या दिवशी ओबामांनी आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर केला. छोटा दाखला त्यांनी २००८ मध्येच दिला होता. त्यामुळे संशयखोरांचं समाधान झालं का? नाही झालं, कारण त्यांना कागद नकोच होता.

हा प्रश्न गोऱ्या उमेदवारांनाही विचारला गेला, हे मी मुद्दाम लिहिलं. १९६४ चे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९०९ मध्ये ॲरिझोनात जन्मले तेव्हा ते राज्यसुद्धा नव्हतं, त्यांच्याहीबद्दल तेव्हा बोललं गेलं. पण रॉमनी, गोल्डवॉटर, मॅकेन यांच्याबाबत प्रश्न कायद्याचा राहिला आणि लवकर विझला. ओबामांना कागद दाखवूनही तो चिकटून राहिला. जानेवारी २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनात जन्मलेल्या निकी हेली यांच्याबद्दलचा तसाच मजकूर ट्रम्प यांनी पुढे पाठवला. हेली तेव्हा प्रायमरीत त्यांच्या विरोधात होत्या. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

थोरल्या मुलाचं तुम्ही विचारलंत त्यात तुमचा एक गैरसमज दिसला, तो बऱ्याच घरांत असतो. २००० च्या कायद्यामुळे अठरा वर्षांखालचं, ग्रीन कार्ड असलेलं, पालकाच्या ताब्यात राहणारं मूल पालक नागरिक होताच आपोआप नागरिक होतं. अर्ज नाही, शपथ नाही. ‘काहीच करावं लागलं नाही, म्हणजे जन्मजातच की’ असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही. पहिली दोन वर्षं आणि पुढे शपथेच्या दिवसापर्यंत तो भारताचा नागरिक होता. जन्माच्या क्षणी कोण होता, एवढंच इथे पाहिलं जातं.

बाकी सगळ्या बाबतींत तो तुमच्या मुलीच्या बरोबरीचा आहे. १९६४ च्या श्नायडर विरुद्ध रस्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं आहे की जन्मजात आणि नंतर झालेल्या नागरिकात घटनेने केलेला फरक हा एकच. प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचं नागरिकत्व लागतं, सिनेटसाठी नऊ. आपल्या माणसाचंच उदाहरण घ्या. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये इथे आले, १९८८ मध्ये नागरिक झाले, २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी लढले आणि हरले, २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव मांडला. राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढा असा प्रस्ताव ते आणू शकतात, त्या पदावर बसू मात्र शकत नाहीत. परदेशात जन्मलेले हेन्री किसिंजर आणि मॅडलिन ऑलब्राइट परराष्ट्रमंत्री होते, वारसाक्रमात चौथ्या स्थानावर, पण वेळ आली असती तर दोघांनाही ओलांडून क्रम पुढे गेला असता.

ही अट जावी का? माझं मत, जावी. सरसेनापतीपदी परका राजपुत्र बसेल ही १७८७ ची भीती खरी होती, आज त्या भीतीपोटी दोन वर्षांच्या वयात आलेल्या मुलावर कायमचा अविश्वास दाखवणं मला पटत नाही. पण मी आशावादी नाही. सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००३ मध्ये वीस वर्षं नागरिक असलेल्याला पात्र करणारी घटनादुरुस्ती मांडली. ऑस्ट्रियात जन्मलेले अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले आणि लोकांनी ती त्यांच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली. एका माणसासाठी घटना बदलायची का, या प्रश्नापुढे विषय अडकला. दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती मिळवायची तर कुणाची तरी तातडीची निकड असावी लागते. ती या बाबतीत कुणालाच नाही.

तुमच्यासाठी शेवटचं काम. थोरल्याचा नुसता पासपोर्ट आहे आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. एन-६०० फॉर्म भरून ते काढून घ्या. पासपोर्टची मुदत संपते, प्रमाणपत्राची संपत नाही, आणि तुमच्या शपथेच्या दिवशी त्याचं वय, ग्रीन कार्ड आणि ताबा हे तिन्ही सिद्ध करणारे कागद आज घरात सापडतील, वीस वर्षांनी सापडतीलच असं नाही. मुलीसाठी राज्याच्या नोंदणी कार्यालयातून जन्मदाखल्याची सविस्तर प्रमाणित प्रत मागवा. हॉस्पिटलने दिलेला पावलांचे ठसे असलेला रंगीत कागद फ्रेम करून भिंतीवर लावायला छान आहे, पण तो दाखला नव्हे.